टर्बो टायमर : रचना, जोडणी आणि विवेकी वापर

सारांश

टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारीचे इंजिन मोठ्या भारानंतर तत्काळ बंद केल्यास टर्बोचार्जरच्या धारव्यातील वंगणतेल स्थिरावते, तापते आणि त्याचा कठीण थर बनतो. ही हानी टाळण्यासाठी चावी काढल्यानंतरही इंजिन ठरावीक काळ मंद गतीने चालू ठेवणारे उपकरण म्हणजे टर्बो टायमर होय. प्रस्तुत लेखात या उपकरणामागील शास्त्रीय कारण, त्याची रचना, जोडणीची पद्धत, वापरातील धोके आणि भारतीय कायद्यातील संबंधित तरतूद यांचे विवेचन केले आहे. टर्बो टायमर हा मूलतः चालकाच्या घाईवरील उपाय असून तो प्रत्येक वाहनास व प्रत्येक ठिकाणी उपयुक्त ठरत नाही, असा निष्कर्ष मांडला आहे.

बीजशब्द : टर्बोचार्जर, धारवा, वंगणतेल, टर्बो टायमर, मोटार वाहन कायदा १९८८.

१. प्रस्तावना

एकेकाळी मालमोटारी, आगगाडीची इंजिने आणि जहाजे यांपुरता मर्यादित असलेला टर्बोचार्जर आता मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मोटारीत येऊन पोहोचला आहे. भारतात १९९८ साली आलेली टाटा सफारी आणि २००२ साली आलेली महिंद्र स्कॉर्पिओ या वाहनांनी टर्बो डिझेल हा शब्द सर्वसामान्य ग्राहकाच्या तोंडी रुळविला. पुढे लहान डिझेल मोटारींत व त्यानंतर लहान पेट्रोल मोटारींतही टर्बोचार्जर बसविले जाऊ लागले. त्यामुळे आज महाविद्यालयाच्या आवारात उभ्या असणाऱ्या अनेक मोटारींत टर्बोचार्जर असतो. मात्र तो कसा वागवावा याची माहिती वाहनधारकास असतेच असे नाही.

‘गाडी थांबविल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, थोडा वेळ चालू ठेवावे’ ही सूचना अनेकांनी ऐकलेली असते. ती का पाळावी, किती वेळ पाळावी आणि केव्हा पाळण्याची गरज नाही, हे प्रश्न मात्र सहसा अनुत्तरित राहतात. याच सूचनेचे यांत्रिक रूप म्हणजे टर्बो टायमर. मोटारींचे सुटे भाग व सजावटीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत तो मिळतो आणि कित्येकदा पुरेशा विचाराविना बसविला जातो. म्हणून त्याचा साकल्याने विचार करणे आवश्यक ठरते.

२. टर्बोचार्जरचे कार्य

इंजिनातील ज्वलनानंतर बाहेर पडणाऱ्या वायूंत बरीच उष्णता व गती शिल्लक असते. साध्या इंजिनात ती वाया जाते. टर्बोचार्जरमध्ये हे वायू एका लहानशा टर्बाइन चक्रावर सोडले जातात. त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला कंप्रेसरचे चक्र असते. टर्बाइन फिरले की कंप्रेसरही फिरतो आणि बाहेरील हवा दाबून सिलिंडरमध्ये ढकलतो. हवा अधिक म्हणून इंधन अधिक जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठी शक्ती मिळते. वाया जाणाऱ्या वायूंचा असा उपयोग करण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली घेतले.

या रचनेतील नाजूक भाग म्हणजे दोन चक्रांना जोडणारा आस आणि त्याला आधार देणारा धारवा अर्थात बेअरिंग. हा आस दर मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. सर्वसाधारण टर्बोचार्जरमध्ये तो धातूवर घासत नाही, तर दाबाखालील वंगणतेलाच्या अत्यंत पातळ पापुद्र्यावर तरंगत फिरतो. हे तेल दोन कामे करते : घर्षण टाळते आणि उष्णता वाहून नेते. टर्बाइनकडील वायूंचे तापमान डिझेल इंजिनात मोठ्या भाराखाली ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत, तर पेट्रोल इंजिनात ९०० अंशांच्याही पुढे जाते. त्या भट्टीपासून काही सेंटिमीटरवर असलेला धारवा सुरक्षित राहतो, तो केवळ अखंड वाहणाऱ्या तेलामुळे.

३. इंजिन बंद केल्यानंतर काय घडते

तेलाचा पंप इंजिनाच्याच गतीवर चालतो. इंजिन बंद झाले की पंप थांबतो आणि धारव्यातील तेल जागच्या जागी उभे राहते. परंतु टर्बाइनचे ओतीव लोखंडी कवच मात्र धगधगतच असते. ही साठलेली उष्णता आसावाटे धारव्याकडे सरकू लागते. त्यामुळे धारव्याचे तापमान इंजिन बंद केल्याच्या क्षणी नव्हे, तर त्यानंतर काही मिनिटांनी आपली कमाल पातळी गाठते. शेगडी विझविल्यावरही तवा बराच वेळ तापलेला राहतो आणि त्यावर उरलेल्या तेलाचा चिकट, काळपट थर जमतो. तसाच प्रकार येथे घडतो. या प्रक्रियेस तंत्रज्ञ कोकिंग म्हणतात.

हा थर एका दिवसात घातक ठरत नाही. मात्र तो वारंवार जमत गेल्यास तेलाचे बारीक मार्ग अरुंद होतात, सुटलेले कण धारव्यात खरवड करतात, आसाला ढिलाई येते आणि अखेर टर्बोचार्जर निकामी होतो. त्याच्या बदलाचा खर्च वाहनाच्या नित्याच्या देखभालीच्या कितीतरी पट असतो.

येथे एक प्रचलित समजूत तपासून घेणे उचित होईल. ‘इंजिन बंद केल्यावर टर्बो लाखभर फेऱ्यांनी तेलाविना फिरत राहतो’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात वाहन वळवून जागेवर लावेपर्यंत इंजिन मंद गतीवर आलेले असते आणि चक्रांचा वेगही काही सेकंदांत पुष्कळच उतरलेला असतो. वेग सेकंदांत उतरतो. उष्णता मात्र सेकंदांत उतरत नाही. म्हणूनच खरा प्रश्न गतीचा नसून साठलेल्या उष्णतेचा आहे. इंजिन भाराविना मंद गतीने चालू असताना बाहेर पडणारे वायू तुलनेने बरेच थंड असतात, तेल वाहत असते आणि टर्बाइनचे कवच हळूहळू निवते. थोडा वेळ थांबण्यामागील शास्त्र एवढेच आहे.

४. टर्बो टायमरचा उगम आणि रचना

टर्बोचार्जर असलेल्या प्रवासी मोटारी अमेरिकेत १९६२ सालीच विक्रीस आल्या होत्या. परंतु त्यांचा खरा प्रसार १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. जपानमध्ये निसान कंपनीने १९७९ साली टर्बो मोटार बाजारात आणली आणि पुढील दोन दशके जपानी निर्मात्यांनी या तंत्राचा मोठा पुरस्कार केला. सुरुवातीच्या अनेक टर्बोचार्जरमध्ये धारवा थंड ठेवण्याची जबाबदारी केवळ तेलावर असे आणि तेलही बहुधा खनिज स्वरूपाचे असे. वेगवान मोटारींची हौस असलेल्या जपानी तरुणांना दर वेळी गाडीत बसून वाट पाहणे नकोसे होई. या गरजेतून एचकेएस, ब्लिट्झ यांसारख्या जपानी उत्पादकांचे टर्बो टायमर लोकप्रिय झाले. जपानमधून वापरलेल्या मोटारी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आदी देशांत जात, त्यांपैकी कित्येकींत हे उपकरण आधीच बसविलेले असे.

टर्बो टायमर म्हणजे मूलतः वेळ मोजणारे मंडल आणि एक रिले. चालकाने चावी बंद स्थितीत फिरविली की इग्निशनचा विद्युत्प्रवाह तुटतो. टायमर हा बदल ओळखतो आणि आपल्या रिलेमार्फत बॅटरीतील प्रवाह त्याच इग्निशन मंडलास पुरवीत राहतो. त्यामुळे चावी काढून घेतली तरी इंजिनास ती ‘चालू’च आहे असे भासते. ठरविलेला काळ संपताच रिले उघडतो आणि इंजिन थांबते. साध्या उपकरणात हा काळ चालकाने स्वतः निश्चित करावयाचा असतो. काही उपकरणे प्रवासातील इंजिनाच्या गतीवरून तो आपोआप ठरवितात.

५. जोडणीची पद्धत

जोडणीचे काम वाहनांच्या विद्युत्‌यंत्रणेची जाण असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तथापि, काम योग्य झाले आहे की नाही हे पारखण्यासाठी वाहनधारकास पुढील टप्पे ठाऊक असावेत. हे वर्णन चावीने सुरू होणाऱ्या, बारा व्होल्टच्या वाहनांस लागू आहे.

(१) पूर्वतयारी : वाहन सपाट जागी उभे करून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. स्टिअरिंगजवळ एअरबॅगची यंत्रणा असल्यास निर्मात्याने सांगितलेला काळ थांबून मगच हात घालावा. एअरबॅगच्या तारा सहसा पिवळ्या आवरणाच्या वा पिवळ्या जोडखुंटीच्या असतात. त्यांना स्पर्श करू नये अथवा त्यांवर चाचणी घेऊ नये.

(२) तारांची ओळख : इग्निशन स्विचच्या मागील तारा ओळखणे हा या कामाचा गाभा होय. तारांचे रंग प्रत्येक वाहनात निराळे असल्याने रंगावर विसंबू नये. ओळख पटविताना बॅटरी तात्पुरती जोडून मल्टिमीटरने मोजणी करावी. जी तार चावीच्या प्रत्येक स्थितीत बारा व्होल्ट दाखविते ती बॅटरीकडून आलेली कायम तार. जी ‘ऑन’ स्थितीत आणि इंजिन सुरू करतानाही जिवंत राहते ती मुख्य इग्निशनची तार. जी ‘अ‍ॅक्सेसरी’ व ‘ऑन’ स्थितीत जिवंत असून इंजिन सुरू करताना खंडित होते ती रेडिओ आदी उपसाधनांची तार. जी केवळ इंजिन सुरू करतानाच जिवंत होते ती स्टार्टरची तार. तिला टायमर कदापि जोडू नये. काही वाहनांत इग्निशनची दुसरी तारही असते व तिच्यासाठी स्वतंत्र रिले लागू शकतो.

(३) जोडणी : टायमरच्या तारा बॅटरीची कायम तार, इग्निशनची तार, उपसाधनांची तार आणि वाहनाचा धातूचा सांगाडा यांना जोडाव्यात. त्या विशिष्ट वाहनासाठी तयार जोडसंच मिळत असल्यास मूळ तारा कापण्याची गरज राहत नाही. तोच मार्ग श्रेयस्कर. अन्यथा जोड डाखून त्यावर उष्णतेने आवळणारे आवरण चढवावे. नुसत्या पिळलेल्या व चिकटपट्टीने गुंडाळलेल्या जोडावर विसंबणे म्हणजे आगीस निमंत्रण होय. कायम तारेत निर्मात्याने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज अवश्य असावा.

(४) हँडब्रेकची तार : टायमरची एक तार हँडब्रेकच्या स्विचला जोडावयाची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच उलटगणती सुरू व्हावी आणि तो सैल होताच इंजिन तत्काळ थांबावे, ही यामागील योजना आहे. अपघात व चोरी या दोहोंविरुद्धची ही तरतूद होय. वेळ वाचविण्यासाठी काही कारागीर ही तार थेट सांगाड्याला जोडतात. त्यामुळे उपकरणाला हँडब्रेक नेहमीच ओढलेला वाटतो आणि ही सुरक्षा नाहीशी होते. असे काम स्वीकारू नये.

(५) चाचणी : सर्व तारा स्टिअरिंगच्या फिरत्या भागांपासून व पेडलपासून दूर बांधून घ्याव्यात. त्यानंतर चालकाच्या आसनावर बसून, सपाट जागी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात. चावी काढल्यावर इंजिन ठरलेल्या वेळी थांबते काय? उलटगणती चालू असता, पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक सोडल्यास इंजिन तत्क्षणी बंद होते काय? उपकरणावरील बंद करण्याची कळ काम करते काय? यांपैकी एकही उत्तर नकारार्थी आल्यास उपकरण वापरात आणू नये.

६. किती वेळ आणि केव्हा

थांबण्याचा काळ घड्याळातील अंतरावर नव्हे, तर प्रवासाच्या अखेरच्या काही मिनिटांत इंजिनाने किती भार वाहिला यावर अवलंबून असतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील घाट हे याचे उत्तम उदाहरण होय. खोपोलीकडून भरलेली गाडी घेऊन घाट चढून यावे आणि माथ्यावर येताच चहासाठी थांबावे, तर टर्बोचार्जर अत्यंत तप्त असतो. तेथे एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवणे योग्य. तोच घाट उलट दिशेने उतरून आल्यास इंजिनावर भारच नसल्याने टर्बोचार्जर उतरता उतरताच निवलेला असतो. रस्ता एकच, अंतरही तेवढेच. गरज मात्र भिन्न.

शहरातील नेहमीच्या संथ प्रवासानंतर वाहन लावण्यास जो वेळ लागतो तोच बहुधा पुरेसा असतो. वाहनासोबतच्या मार्गदर्शक पुस्तिकेत याविषयी जी सूचना असेल ती प्रमाण मानावी. ‘जितका अधिक वेळ तितके उत्तम’ हा समज चुकीचा आहे. आयडलिंगमध्ये, म्हणजे जागेवरील मंद गतीत, मोटारीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. दिवसातून चार वेळा, प्रत्येकी दोन मिनिटे गरज नसताना इंजिन चालू ठेवल्यास वर्षाचे सुमारे ४९ तास होतात, म्हणजे २५ ते ५० लिटर इंधन विनाकारण खर्ची पडते. घराजवळचे शेवटचे एक-दोन किलोमीटर सौम्यपणे चालविणे हा याहून स्वस्त आणि तितकाच परिणामकारक उपाय आहे.

७. सुरक्षितता आणि कायदा

चालकाविना चालू असलेले इंजिन ही क्षुल्लक बाब नव्हे. टायमर वापरताना मॅन्युअल गिअरची गाडी न्यूट्रलमध्येच उभी करावी लागते. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवण्याची जी सुज्ञ सवय आपल्याकडे आहे ती येथे पाळता येत नाही आणि सारा भरवसा एकट्या हँडब्रेकवर राहतो. म्हणून उतारावर टायमर वापरू नये. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली आणि टायमर कार्यरत असला तर तो धोका वेगळाच.

बंदिस्त जागेतील धोका त्याहून गंभीर आहे. इंजिनातून बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असून प्राणघातक आहे. पावसाळ्यात शटर ओढून घेतलेले गॅरेज किंवा घरालाच लागून असलेली बंद वाहनजागा यांत टायमरचा वापर सर्वथा वर्ज्य समजावा. तसेच मुलांना गाडीत ठेवून, टायमर चालू असताना, चालकाने उतरू नये.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे ठेवताना चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असली पाहिजे. अन्यथा वाहनाचे यंत्र बंद करून ब्रेक लावलेले असले पाहिजेत किंवा चालकाच्या अनुपस्थितीत वाहन अपघाताने हलणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असली पाहिजे. हँडब्रेकशी नीट जोडलेला टायमर ही ‘अन्य तजवीज’ ठरते काय, हा वादाचा विषय होऊ शकतो. परंतु यंत्र बंद असावे हाच कलमाचा स्वाभाविक रोख आहे. ब्रिटनमधील १९८६ च्या वाहनविषयक नियमांतही इंजिन बंद न करता व ब्रेक न लावता वाहन सोडून जाण्यास मनाई आहे. तेव्हा रस्त्यावर वा बाजारात टायमरवर गाडी सोडून जाणे टाळावे, हेच इष्ट. शिवाय मूळ तारा कापल्याने वाहनाच्या हमीस बाधा येऊ शकते आणि विमा कंपनीस न कळविलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो.

८. आजच्या वाहनांतील स्थान

१९८० च्या दशकापासून धारव्याभोवती पाणी खेळविणाऱ्या टर्बोचार्जरचा प्रसार होत गेला. इंजिन थांबल्यावरही तापलेले पाणी वर चढते, त्याची जागा थंड पाणी घेते आणि पंपाविनाही काही काळ उष्णता वाहून नेली जाते. अनेक आधुनिक मोटारींत तर इंजिन बंद झाल्यावरही चालणारा विजेवरील पाण्याचा पंप असतो. कृत्रिम वंगणतेले जुन्या खनिज तेलांपेक्षा अधिक तापमान सहन करतात. अशा वाहनांत टायमरची उपयुक्तता फारच थोडी उरते. कळ दाबून सुरू होणाऱ्या मोटारींत इग्निशनचे नियंत्रण संगणकीय घटकांकडे असते. तेथे साध्या रिलेचा टायमर चालत नाही आणि त्यासाठी चोरीविरोधी यंत्रणेशी छेडछाड करणे हे औषधाहून दुखणे बरे म्हणण्याची पाळी आणणारे ठरते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनंतरच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. तिच्या दृष्टीनेही उगाच चालू ठेवलेले इंजिन हितावह नाही.

याउलट केवळ तेलाने थंड होणारा टर्बोचार्जर असलेले जुने वाहन, वरचेवर घाटरस्त्याने वा जड भार घेऊन होणारा प्रवास आणि वाहन उभे करण्यास स्वतःची मोकळी, सपाट जागा अशी परिस्थिती असल्यास टायमर आजही उपयोगी पडू शकतो.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, टर्बो टायमर टर्बोचार्जरला थंड करीत नाही. थंड करण्याचे काम वाहते तेल व वेळ हीच दोन साधने करतात. टायमर केवळ चालकाच्या वतीने थांबतो. तो घेण्यापूर्वी वाहनधारकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत : आपल्या वाहनातील टर्बोचार्जर केवळ तेलाने थंड होतो की पाण्यानेही? प्रवासाच्या अखेरीस इंजिनावर खरोखर मोठा भार असतो काय? आणि गाडी जेथे उभी राहते ती जागा मोकळी, सपाट व खासगी आहे काय? तिन्ही उत्तरे अनुकूल असतील तरच हे उपकरण, हँडब्रेकच्या तारेसह, योग्य रीतीने बसवून घ्यावे. एरवी चढ चढून आल्यावर आसनावरच मिनिटभर बसून राहणे पुरेसे आहे. त्या मिनिटास ना तार लागते ना रिले, आणि चालक जागेवर असल्याने कायद्याची व अपघाताची चिंताही उरत नाही.